जीपीटी डिस्क, जुना बायोस आणि ८ एमबीचं अनफॉरमॅटेड पार्टिशन

रानवाटा

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काही जुने डेस्कटॉप आहेत. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. आतापर्यंत त्यांवर विंडोज १० रडतखडत चालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या मशीनवर बसणार नाही, म्हणून डेबियन १३ टाकायचं ठरवलं आहे. पेन ड्राइव्हवर एलएक्सक्यूटीवाली लाइव्ह आवृत्ती घेतली आहे, तिच्यात इन्स्टॉलर कॅलामारेस आहे.

पहिल्या मशीनला आमच्याच एका बंद पडलेल्या, त्यातल्या त्यात नव्या कॉम्प्युटरची ५०० जीबीची डिस्क लावली. तिच्यावर आधीपासून लिनक्स मिंट आहे. शिवाय जुने दिवाळी अंक आणि आता छापून न मिळणारी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत, ती याच डिस्कवर आहेत. रचना अशी (डिस्कचं नाव एसडीए, आकडे तिच्या भागांचे म्हणजे पार्टिशनचे):

एसडीए१ : ३०० एमबी, फॅट३२
एसडीए२ : ६० जीबी, ईएक्सटी४ (जुनं मिंट)
एसडीए३ : उरलेली सगळी जागा, ईएक्सटी४ (स्कॅन)

मला एसडीए२ पुसून तिथे डेबियन हवं आहे आणि एसडीए३ला हात लावायचा नाही. म्हणून मॅन्युअल पार्टिशनिंग घेतलं. पुढे जाताना इन्स्टॉलर इशारा देतो. त्याचा आशय असा, की बायोसवर (मशीन सुरू करणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम) चालणाऱ्या मशीनला जीपीटी टेबल (डिस्कवरच्या पार्टिशनची नव्या पद्धतीची यादी) वापरायचं असेल तर ८ एमबीचं अनफॉरमॅटेड पार्टिशन करा आणि त्याला बायोस-ग्रब फ्लॅग (खूण) लावा.

फॉरमॅटच न केलेल्या पार्टिशनचा उपयोग काय? त्यात फाइल तर ठेवता येत नाही. आणि डिस्क पूर्ण भरलेली असताना हे ८ एमबी आणायचे कुठून? तूर्त इन्स्टॉलर बंद करून ठेवला आहे.

जुनी_पेटी

माझं सरळ मत. जुन्या बायोसला जुनंच टेबल द्यावं. 'न्यू पार्टिशन टेबल'मध्ये जाऊन एमबीआर निवडा. ५०० जीबीच्या डिस्कला जीपीटीची गरज नाही. एमबीआरची मर्यादा २ टीबीपर्यंत आहे, तुम्ही तिच्या आसपासही नाही. ८ एमबीची भानगडच राहत नाही.

कळफलक

जुनी_पेटी, थांबा! नवीन टेबल केलं की सगळ्या पार्टिशनच्या नोंदी जातात. त्यांना एसडीए३वरची स्कॅन ठेवायची आहेत. रानवाटा, 'न्यू पार्टिशन टेबल' हे बटण या डिस्कवर दाबू नका.

कोऱ्या डिस्कवर जुनी_पेटींचा सल्ला बरोबर आहे, त्यावर मी नंतर लिहिते. आधी एक तपासून सांगा. मशीन खरंच बायोसवर चालतंय, की पेन ड्राइव्ह तेवढा जुन्या पद्धतीने सुरू झाला? लाइव्हमध्ये टर्मिनल उघडून /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का ते पाहा (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं). असेल तर यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत; नसेल तर बायोस. काही मशीनच्या बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावाआधी यूईएफआय लिहिलेलं असतं. तसं दिसलं तर त्या नावावरून सुरू करा. मग हा प्रश्नच उरत नाही, तुमचं ३०० एमबीचं एसडीए१ आहे तसं कामी येईल.

रानवाटा

पाहिलं. ती डिरेक्टरी नाही. बूट मेनूत पेन ड्राइव्ह एकदाच दिसतो. सेटअपमध्येही यूईएफआयचा कुठे उल्लेख नाही.

कळफलक

मग मशीन बायोसचंच आहे. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. बरेच जण हा इशारा वाचून घाबरतात, नाहीतर दुर्लक्ष करून पुढे जातात आणि अगदी शेवटी बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवता आला नाही म्हणून इन्स्टॉलर थांबतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायोसला फाइल, फोल्डर, ईएक्सटी४ यातलं काहीच कळत नाही. तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, म्हणजे ५१२ बाइट. त्यातले शेवटचे २ बाइट सहीचे, त्याआधीचे ६४ बाइट पार्टिशन टेबलचे. कोडसाठी उरले ४४६. एवढ्याशा जागेत ईएक्सटी४ वाचणारा प्रोग्रॅम मावत नाही. म्हणून ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, तिथे फक्त एक छोटा तुकडा ठेवतो. आपला पुढचा भाग अमुक सेक्टरपासून सुरू होतो, तो उचल, एवढंच त्या तुकड्याला माहीत असतं. तो पुढचा भाग म्हणजे ग्रबची कोअर इमेज. फाइल सिस्टिम ओळखण्याची अक्कल तिच्यात असते. ती उठली की /बूट/ग्रब शोधते आणि तुम्हाला मेनू दिसतो.

ही कोअर इमेज ठेवायची कुठे? एमबीआरच्या काळात पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामध्ये जागा मोकळी राहायची. पूर्वी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे साधारण ३१ केबी. अलीकडे ते १ एमबीपासून सुरू करतात, म्हणजे जागा भरपूर. ग्रब त्या पडीक जमिनीत राहायचा. सातबाऱ्यावर नाव नाही, पण हटकणारंही कुणी नाही. जीपीटीने ती सोय काढून घेतली. सेक्टर १वर जीपीटीचं हेडर आहे, २ ते ३३मध्ये १२८ पार्टिशनच्या नोंदींची जागा. त्यामुळे ग्रबला त्याच्या नावाने रीतसर तुकडा करून द्यावा लागतो. तेच हे पार्टिशन.

पहिला तुकडा थेट सेक्टर क्रमांकावरून वाचतो, म्हणून इथे फाइल सिस्टिम नको. अनफॉरमॅटेड म्हणजे रिकामं असं समजू नका. इन्स्टॉल झाल्यावर त्यात ग्रब असतो, फक्त त्याला फोल्डर नाहीत, फाइलींची नावं नाहीत. त्याला माउंट पॉइंट (पार्टिशन ज्या फोल्डरच्या जागी दिसतं ते नाव) द्यायचा नाही आणि ते फॉरमॅट करायचं नाही, आत्ताही आणि नंतर कधीही.

अवकाळी

फार छान उलगडून सांगितलंत, कळफलक. एक शंका आहे. जीपीटीत ३३पर्यंतचे सेक्टर भरले, पण पहिलं पार्टिशन तर २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं. मग ३४ ते २०४७ रिकामेच राहिले ना? ग्रब तिथे का बसत नाही?

कळफलक

अवकाळी, नेमकी जागा पकडलीत. ते सेक्टर रिकामे असतात, पण त्यांच्यावर ग्रबची नोंद नसते. दुसरं कुठलंही पार्टिशनिंगचं साधन उद्या तिथे काहीही करू शकतं, म्हणून ग्रब नोंदीशिवाय तिथे लिहीत नाही.

मात्र त्याच जागेत पार्टिशन करता येतं! ३४ ते २०४७ म्हणजे २०१४ सेक्टर, १ एमबीला थोडे कमी. नेहमीच्या ग्रबला तेवढं पुरतं. पार्टेड या पार्टिशन करणाऱ्या कमांडमध्ये सुरुवात ३४एस आणि शेवट २०४७एस दिला की झालं. पार्टेड कुरकुरतो की पार्टिशन नीट अलाइन नाही. इथे तिकडे लक्ष देऊ नका; अलाइनमेंटचा संबंध वेगाशी आहे आणि हे पार्टिशन मशीन चालू होताना एकदाच वाचलं जातं. डिस्क खच्चून भरलेली असेल आणि काहीच हलवता येत नसेल तेव्हा ही युक्ती जीव वाचवते.

कॅलामारेस ८ एमबी मागतो ते हात सैल ठेवून. डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये हेच पार्टिशन 'रिझर्व्हड बायोस बूट एरिया' या नावाने मिळतं आणि तिथे १ एमबी दिलं तरी चालतं.

रानवाटा, तुम्हाला मात्र ही युक्ती लागणारच नाही. तुमचं एसडीए१ पाहा. ३०० एमबी, फॅट३२. ते जुन्या मशीनचं ईएफआय पार्टिशन आहे. या बायोसला त्याचा काही उपयोग नाही, आणि ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला आहे. जागा हवी तिथेच आहे.

जुनी_पेटी

कळफलक, स्कॅनचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. एसडीए१ उडवण्याला माझाही दुजोरा. पण रानवाटा, त्याआधी स्कॅनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच. पार्टिशन टेबलवर काम करताना वीज गेली तर काय, हा विचार आपल्याकडे करावाच लागतो. वाचनालयात यूपीएस आहे का?

रानवाटा

यूपीएस आहे, पण बॅटरी म्हातारी झाली आहे. प्रत घेतोय, रात्रभर चालेल असं दिसतं. तोवर कळफलक, कृपया कॅलामारेसमध्ये नेमकं कुठे काय निवडायचं ते क्रमाने सांगाल का?

कळफलक

प्रत पूर्ण होऊ द्या, घाई नाही. आणि प्रतीतल्या दोन-चार फाइली उघडून पाहा.

मग मॅन्युअल पार्टिशनिंगमध्ये एसडीए१ निवडून 'डिलीट'. तिथे मोकळी जागा दिसेल. ती निवडून 'क्रिएट', आकार ८. फाइल सिस्टिमच्या यादीत 'अनफॉरमॅटेड' नावाचा पर्याय आहे, तो घ्या. माउंट पॉइंट कोरा. खाली फ्लॅग्जच्या यादीत 'बायोस-ग्रब'वर खूण करा. ही खूण राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही इशारा जात नाही, कारण ग्रब पार्टिशन ओळखतो ते त्याच्या प्रकारावरून. उरलेले २९२ एमबी पडून राहू देत. तेवढ्यासाठी पुढची पार्टिशन सरकवणं म्हणजे नसती जोखीम.

एसडीए२ला 'एडिट', कंटेंटमध्ये 'फॉरमॅट', ईएक्सटी४, माउंट पॉइंट /.

एसडीए३ला 'एडिट', कंटेंटमध्ये 'कीप'. माउंट पॉइंट मी तरी /होम देणार नाही. मिंटच्या जुन्या वापरकर्त्याच्या सेटिंग्ज त्यात असतील तर नव्या डेस्कटॉपशी भांडतील. /एसआरव्ही/ग्रंथ असं काहीतरी द्या. फाइलींच्या परवानग्या आड आल्या नाहीत तर वाचनालयाच्या कुठल्याही वापरकर्त्याला तिथून वाचता येईल.

खाली बूटलोडर कुठे बसवायचा ते विचारतो. तिथे अख्खी डिस्क निवडा, म्हणजे एसडीए, मागे आकडा नको.

'इन्स्टॉल' दाबण्याआधी सारांशाचं पान येतं. ते मोठ्याने वाचा. एसडीए३च्या नावापुढे फॉरमॅट हा शब्द दिसला तर मागे फिरा. त्या पानापर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं.

पाणपोई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. माझं मशीन यूईएफआयचं आहे, विंडोज ११ ठेवून शेजारी लिनक्स हवं आहे. पार्टिशनच्या यादीत १६ एमबीचं एक पार्टिशन दिसतं, त्याला फाइल सिस्टिम नाही. तेही ग्रबचं का? आणि दुसरं: टर्मिनलमधून पार्टेडने एमकेपार्ट दिलं, त्यात ईएक्सटी४ असं स्पष्ट लिहिलं, तरी जीपार्टेड ते पार्टिशन 'अननोन' दाखवतो. असं कसं?

कळफलक

पाणपोई, ते १६ एमबी विंडोजने स्वतःसाठी राखलेलं पार्टिशन आहे. त्यालाही फाइल सिस्टिम नसते. त्याला हात लावू नका, आणि १०० एमबीच्या आसपासचं फॅट३२चं ईएफआय पार्टिशन असेल तेही फॉरमॅट करू नका. त्याला फक्त /बूट/ईएफआय हा माउंट पॉइंट द्यायचा. ते फॉरमॅट झालं तर विंडोजचा बूटलोडर त्याबरोबर जाईल. तुम्हाला बायोस-ग्रबचं पार्टिशन लागत नाही, तुमचा ग्रब त्या फॅट३२मध्ये साधी फाइल म्हणून राहतो. अजून एक: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुनी_पेटी जास्त चांगलं देतील.

जुनी_पेटी

पार्टेडमधल्या एमकेपार्टचा हा सापळा फार जुना आहे. तिथे लिहिलेलं ईएक्सटी४ टेबलमधल्या नोंदीवर प्रकार ठरवण्यापुरतं असतं. फाइल सिस्टिम तयार होत नाही. एफडिस्कमध्ये प्रकार निवडता तेव्हाही तेच. पार्टिशन करणं आणि फॉरमॅट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. विंडोजची खिडकी दोन्ही एका दमात करते, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

तुमचं पार्टिशन 'अननोन' दिसतं याचा अर्थ बिघाड नाही. इन्स्टॉलरमध्ये ते निवडा, फॉरमॅट ईएक्सटी४ सांगा, झालं. किंवा टर्मिनलमधून एमकेएफएस.ईएक्सटी४. पण त्याआधी एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप चालवून नाव आणि आकार ताडून पाहा. एमकेएफएसला चुकीचं नाव दिलं तर रिकाम्या पार्टिशनऐवजी भरलेलं जाईल.

उलटाही प्रकार घडतो. पार्टिशन नवीन केलं, पण त्याच जागेवर आधी काही होतं, तर जुन्या फाइल सिस्टिमची सही तिथेच उरते आणि इन्स्टॉलरला भलतंच काहीतरी दिसतं. तेव्हा वाइपएफएस. नुसतं चालवलं तर फक्त सह्यांची यादी देतो, -ए दिलं तर पुसतो.

अवकाळी

स्वॅपही अनफॉरमॅटेडच ना?

जुनी_पेटी

नाही. स्वॅपला (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या जागेला) फाइल सिस्टिम नसते, पण एमकेस्वॅप त्यावर स्वतःची सही लिहितो आणि एलएसबीएलके -एफमध्ये 'स्वॅप' असं दिसतं. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची सोय) आणि लक्सचंही (एन्क्रिप्शन) तसंच, त्यांच्या सह्या असतात. बायोस-ग्रबच्या पार्टिशनपुढे तो रकाना कोराच राहतो. म्हणूनच कुणीतरी उत्साहाने 'हे रिकामं दिसतंय' म्हणून फॉरमॅट करतं आणि मशीन उठत नाही. असं झालंच तर घाबरू नका, डेटा कुठेही गेलेला नसतो. लाइव्हवरून सुरू करा, सिस्टिम माउंट करून तिच्यात क्रूट करा (म्हणजे तिलाच चालू सिस्टिम मानून कमांड द्या) आणि ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए चालवा.

ओळखायचं असेल तर एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,पार्टटाइपनेम. तिथे 'बायोस बूट' असं स्वच्छ लिहून येतं.

रानवाटा

प्रत झाली, फाइली उघडून पाहिल्या. कळफलक यांनी सांगितलं तसंच सगळं केलं. इशारा आला नाही, इन्स्टॉल शेवटपर्यंत गेलं, कुठेही चूक दाखवली नाही. पण पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं तर बायोस म्हणतो, बूट करण्याजोगी डिस्क नाही. ग्रबचा मेनूही नाही. बूटचा क्रम तपासला, हीच डिस्क पहिली आहे. लाइव्हमधून पाहिलं तर डेबियन जागेवर आहे, स्कॅनही आहेत.

कळफलक

रानवाटा, ग्रब बसला आहे, अडलंय बायोसपाशी. काही जुने बायोस पहिल्या सेक्टरमधल्या टेबलात एखादं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' आहे का ते पाहतात, नसेल तर डिस्क बूट करायलाच नकार देतात. जीपीटी डिस्कवर त्या जागी एक संरक्षक नोंद (पीएमबीआर) असते, जुन्या साधनांना डिस्क रिकामी वाटू नये म्हणून. तिच्यावर ॲक्टिव्हची खूण नसते. ती लावायची:

सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीए डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन

लाइव्हमधूनच करा. पार्टिशनना किंवा डेटाला याने धक्का लागत नाही, त्या नोंदीतला एक बाइट तेवढा बदलतो.

रानवाटा

उठलं! ग्रबचा मेनू आला, डेबियन सुरू झालं, /एसआरव्ही/ग्रंथमध्ये सगळे अंक दिसताहेत. आमचे ग्रंथपाल शेजारी उभे होते, त्यांनी लगेच एक दिवाळी अंक उघडून वाचायला घेतला. कळफलक, जुनी_पेटी, दोघांचेही मनापासून आभार.

आता उरलेल्या मशीनना २४० जीबीचे कोरे एसएसडी घेतले आहेत. तिथेही जीपीटी आणि ८ एमबी हेच करू?

जुनी_पेटी

तिथे माझं पहिलं मत लागू होतं. कोरी डिस्क, २ टीबीपेक्षा लहान, बायोसचं मशीन: एमबीआर करा. बायोस-ग्रब नको. ॲक्टिव्हची अडचण आलीच तर रूट पार्टिशनला 'बूट' फ्लॅग लावा.

कळफलक

मी जीपीटीच करेन. जीपीटी आपल्या टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं, शिवाय चार प्रायमरी पार्टिशनचं बंधन नाही. आणि हे एसएसडी पुढे कधीतरी नव्या मशीनमध्ये जाणारच. म्हणून मी सुरुवातीला ८ एमबी बायोस-ग्रबसाठी ठेवेन, त्याला लागून ३०० एमबीचं फॅट३२ ईएफआयसाठी, आणि मग रूट. उद्या यूईएफआयचं मशीन मिळालं तर पार्टिशन न हलवता त्याचा ग्रब बसवता येईल. पण जुनी_पेटींच्या पद्धतीनेही मशीन उत्तम चालेल. तुमच्याकडे पुढे कोण सांभाळणार आहे, त्याला जे सोपं वाटेल ते करा.

४ जीबी रॅमसाठी स्वॅपचं वेगळं पार्टिशन नको, नंतर स्वॅप फाइल करता येते.

रानवाटा

सांभाळणार मी आणि बारावीतला एक मुलगा, तो फार उत्साही आहे. जीपीटीच करतो, म्हणजे सगळ्या मशीनवर एकच पद्धत राहील. त्याला हा धागा वाचायला दिला आहे. एक एसएसडी पूर्ण बसवून बाकीच्यांवर क्लोन केला तर चालेल का?

कळफलक

चालेल, ८ एमबीचं पार्टिशनही डीडीने किंवा क्लोनझिलाने सोबत येतं. पण क्लोन केल्यावर प्रत्येक मशीनवर एकदा सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवा आणि विचारेल तेव्हा त्या मशीनची डिस्क निवडा. डेबियन ग्रबसाठीची डिस्क तिच्या अनुक्रमांकासकट लक्षात ठेवतं. क्लोनवर तो अनुक्रमांक मूळ एसएसडीचा असतो, मग पुढे कधी ग्रबचं अपडेट आलं की ते अडकतं. प्रत्येक मशीनचं होस्टनेमही बदला, आणि एसएसएच वापरणार असाल तर त्याच्या किल्ल्या नव्याने तयार करा.

पीएमबीआरची खूण पहिल्या सेक्टरमध्ये आहे, त्यामुळे पूर्ण डिस्कचा क्लोन केला तर ती सोबत येईल. फक्त पार्टिशनचा केला तर पुन्हा लावावी लागेल.